गडावर एकटीनं जाण्याच्या सूचना

वन्सं, तुम्ही गेलात आणि गोडाच्या जेवणाच्या दिवशीच मला कामाला लावलंत. पंगत अजून उठली नव्हती, तोवर स्टँडजवळचे ते लॉजवाले दारात येऊन उभे राहिले. हात जोडले, डोळे पुसले, 'ताईंसारखं माणूस पुन्हा मिळायचं नाही' म्हणाले, आणि मग खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. तुमचं पत्रक. 'अजिंक्यतारा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी सूचना.' म्हणाले, "वहिनी, प्रती संपल्या. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी होईल, त्याआधी परत छापून द्याल का? आणि ही खोडलेली अकरावी ओळ आहे ना, ती ठेवायची की काढायची, तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

पदर खोचून वाढायला उभ्या असलेल्या बाईला विचारायचा प्रश्न आहे का हा? मी त्यांना आधी पानावर बसवलं. जेवून उठताना त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, चार दिवसांत कळवते.

हळहळायला आलेली माणसं तुमच्याबद्दल काय काय बोलली, ते मी सगळं ऐकून घेतलं. कचेरीतल्या बायकांनी तुमच्या टायपिंगचा वेग सांगितला. शेजाऱ्यांनी तुम्ही आईवडिलांचं शेवटपर्यंत कसं केलंत ते सांगितलं. लग्न का केलं नाहीत हा विषय निघाला की प्रत्येकानं घसा साफ करून घेतला. ते त्यांचं त्यांच्यापाशी. मला तुमच्याशी बोलायचंय ते त्या अकराव्या ओळीबद्दल. तुम्ही माझी थोरली नणंद, मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. न बोलण्यासारख्या गोष्टी आपल्यात ढीगभर होत्या आणि त्यांचं आपल्याला काही वाटत नव्हतं. ही एकच गोष्ट अशी होती, की न बोलताना दोघींनाही टोचायची.

तुमची आणि माझी ओळख मुळात त्या सूचनांनीच झाली. लग्न ठरलं आणि तुमच्याकडून सांगलीला आमच्या घरी पाकीट आलं. आत टाइप केलेला कागद, कार्बनची दुसरी प्रत. 'साताऱ्यास येणाऱ्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी गडावर नेण्यात येईल. चपला चालणार नाहीत. नवे बूट त्याहून चालणार नाहीत. पाणी ज्याचे त्याने आणावे, दुसऱ्याच्या बाटलीकडे पाहू नये. चढताना इतिहास विचारू नये, धाप लागते. उतरताना विचारावा, सांगण्यात येईल.' माझ्या वडिलांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि आईला म्हणाले, "अगं, हे सासर आहे का सरकारी कचेरी?"

सांगली सपाट. घाटाच्या पायऱ्या सोडल्या तर चढ म्हणून आम्हाला माहीत नाही. मला वाटलं, नव्या नवरीला कोण गडावर नेतंय, थट्टा असेल. पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही माझ्या उशाशी उभ्या. माझ्या पायात चकचकीत नव्या सँडल. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि आत जाऊन स्वतःचे कॅनव्हासचे बूट घेऊन आलात. दोन बोटं मोठे होते. पुढच्या बाजूला जुन्या साडीच्या चिंध्या कोंबून दिल्यात. हिरवा चुडा, शालू नेसलेली मी आणि पायात ते बूट. गल्लीतली माणसं हसली. तुम्ही वळून म्हणालात, "हसू देत. पाय त्यांचा मुरगळणार न्हाई, तुझा मुरगळेल."

चढताना तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, नणंदबाई रागावल्यात. वर दोन्ही दरवाजे ओलांडून मंगळाईच्या देवळापाशी पोचलो, तुम्ही देवीपुढं गूळ-खोबरं ठेवलंत, आणि मग पहिल्यांदा तोंड उघडलंत. राजांची राजधानी होती, कुठल्या बाजूनं वेढा पडला, हे सगळं शाळेत शिकवलेलं मला येत होतं. मी मराठीची बाई, थोडा इतिहासही शिकवायची. तुम्ही विचारलंत ते वेगळंच. "या तटाच्या आत अख्खं गाव नांदत होतं. मग मला सांग, बायका धुणं कुठं धुवायच्या? पिण्याचं तळं कुठलं, धुण्याचं कुठलं? बाळंतिणीला शेक द्यायला लाकूडफाटा कोण वर आणायचं? पुस्तकात राजे लय आहेत गं, धुणी कुठंच न्हाईत." उतरताना तुम्ही मला एकेक तळं दाखवत तुमचा अंदाज सांगत गेलात. त्यातलं खरं किती आणि तुम्ही रचलेलं किती, मला अजूनही माहीत नाही. पण त्या दिवसापासून कुठलाही किल्ला बघितला की मी आधी पाणी शोधते.

पुढच्या वीस वर्षांत तुम्ही किती पाहुणे वर नेलेत, देव जाणे. सूचनांचा कागद दरवर्षी वाढत गेला. 'तळ्याच्या काठाला शेवाळ असते, फोटोसाठी मागे मागे सरकू नये.' 'माकडांना पेढे देऊ नयेत, बॉक्स तर दाखवूही नये.' 'दगडावर नाव कोरणाऱ्यास खाली आल्यावर जेवण मिळणार नाही.' ही शेवटची सूचना आमच्या एका मावसदिरामुळं आली होती आणि तुम्ही ती खरोखर पाळलीत. बिचारा स्टँडवर जाऊन वडापाव खाऊन आला. टाइप करताना तुम्ही तीन कार्बन घालायचात. पहिली प्रत आवडत्या माणसाला, आणि चौथी, जिच्यात अक्षर धड लागायचं नाही, ती नावडत्याला. आमच्या घराण्यात कोणाला कितवी प्रत आली यावरून रुसवेफुगवे झालेत. मला एकदाही दुसरीच्या खाली आली नाही, हे मी आज तुम्हाला सांगते. लक्षात होतं माझ्या.

पाहुणे नसले तरी तुम्ही रोज जायचात. कचेरीच्या आधी, एकट्या. आणि तिथंच आपलं बिनसलं.

त्या मे महिन्यात मी तुमच्याकडे राहायला आले होते. सकाळी साडेसहाला तुम्ही बाहेर पडलात. आठला यायचात, ते नऊ वाजले. साडेनऊ झाले. मी भाजी चिरायला घेतली आणि तशीच टाकली. दारात उभी, गल्लीच्या तोंडाशी उभी, परत दारात. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली, येतील की, त्यांचं काय. अकराला तुम्ही आलात, एका हातात काठी, एक पाय ओढत. उतरताना पायरीवर मुरगळला होता. अर्धी वाट बसत बसत उतरला होतात. मी तुमच्यावर ओरडले. थोरल्या नणंदेवर आवाज चढवायची ती पहिलीच वेळ. तुम्ही खाटेवर बसून म्हणालात, "ओरडून झालं की हळद गरम कर." मी सांगलीची, हळदीच्या गावची. हळद गरम केली, लेप लावला, आणि निम्मा लेप पायाऐवजी चादरीवर सांडला. तुम्ही ते बघितलंत. बघून न बघितल्यासारखं केलंत.

दोन-तीन वर्षांनी ते लॉजवाले तुमच्याकडे आले. पुण्या-मुंबईची माणसं सुट्टीत यायला लागली होती, त्यांना देण्यासाठी तुमच्या सूचना छापून हव्या होत्या. तुम्ही खूश झालात, पण दाखवलं नाहीत. आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका सांगलीला ज्या छोट्या प्रेसमध्ये छापल्या जायच्या, तिथं छापायचं ठरलं. तुमचा टाइप केलेला कागद आला, वर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'लता, शुद्धलेखन तेवढं बघ.'

शुद्धलेखन तेवढं. वन्सं, वीस वर्षं पेपर तपासणाऱ्या बाईच्या हातात तुम्ही कागद दिलात आणि तिला एवढंच सांगितलंत, ही चूक तुमची. मी शुद्धलेखन बघितलं, 'सावधगिरी' दुरुस्त केली, आणि दहाव्या सूचनेखाली अकरावी घातली. 'महिलांनी गडावर एकट्याने जाऊ नये.' तुमची अकरावी खाली सरकून बारावी झाली. प्रूफ मीच तपासलं, तुम्हाला पाठवलं नाही. पाचशे प्रती छापल्या आणि एसटीच्या पार्सलनं साताऱ्याला रवाना केल्या, सोबत भडंगाचा डबा.

आठवड्यानं तुमचं कार्ड आलं. 'छपाई सुबक. भडंग मिळाले, थोडे तिखट. ओळ अकरावी सर्व प्रतींवर खोडली आहे.'

पाचशे प्रती! कचेरीतून येऊन रोज संध्याकाळी तुम्ही पट्टी लावून निळ्या शाईनं एकेका प्रतीवर रेघ मारत बसलात. लॉजवाल्यांनी मला त्या दिवशी जेवताना सांगितलं, "वहिनी, गंमत बघा, लोक पत्रक हातात घेतात आणि आधी तीच खोडलेली ओळ वाचतात. रेघेतनं सगळं दिसतंय. बाया तर विचारतात, हे कोणी लिहिलं आणि कोणी खोडलं?" म्हणजे आपण दोघींनी मिळून ती ओळ सगळ्या महाराष्ट्राला वाचायला लावली.

त्याच दिवाळीत आपलं भांडण झालं. तुमच्या स्वयंपाकघरात, करंज्या चालू होत्या. तुम्ही सारण भरत होतात, मी मुरड घालत होते. तुम्ही विचारलंत, "एकट्या पुरुषानं जाऊ नये असं का नाही लिहिलंस?"

मी म्हटलं, "पुरुषांना काय होतंय?"

"पाय पुरुषाचापण मुरगळतो."

"मी पायाबद्दल बोलत नाही, वन्सं. तुम्हाला कळतंय मी कशाबद्दल बोलतेय."

"कळतंय. तेच लिहायचं होतंस मग. वाटेत कुणी त्रास दिला तर काय करायचं ते लिहायचं होतंस. जाऊच नका, ही काय सूचना झाली? ही मनाई झाली. मनाई लिहायला टाइपरायटर कशाला लागतोय?"

मी म्हटलं, "आणि काही झालं म्हणजे?"

"तर होईल. तुझ्या घरात कधी काही होत नाही का?"

मी करंजी परातीत आपटली. फुटली. तेवढ्यात हे आत आले, म्हणाले, "काय चाललंय दोघींचं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही, सारण जास्त झालं." ते भांडण तिथंच राहिलं. त्या दिवसापासून आपण परत त्यावर बोललो नाही. वर्षावर वर्षं गेली.

आज ऐकायला तुम्ही नाही, म्हणून कबूल करते. मी ती ओळ तुमच्या काळजीनं लिहिली हे खरं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगते. तुम्हाला कोणी विचारत नव्हतं कुठं चाललीस, कोणाबरोबर, कधी येणार. मला विचारणारे घरात चौघं होते. शाळेतून यायला उशीर झाला तर हे फाटकात उभे असायचे, काळजीनंच. नदीकाठी मी कधी एकटी गेले नाही, आणि नदी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी साताऱ्याला आले की रोज सकाळी तुम्ही दार ओढून घेऊन चालायला लागायचात, तेव्हा मी खिडकीतून बघायची. मला भीती वाटायची आणि हेवा वाटायचा, आणि यातलं कोणतं जास्त ते मला कधी कळलं नाही. हेव्याला काळजीचं नाव दिलं की काम सोपं होतं, म्हणून मी ते दिलं.

तुमच्या आजारपणाची तार नाही, फोन आला. शेजाऱ्यांनी एसटीडी बूथवरून केला. ताप, तीन दिवस. आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही दवाखान्यात झोपल्या होतात. मी हात धरून बसले. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत, आणि विचारलंत, "कोणत्या गाडीनं आलात?" मी सांगितलं, सकाळच्या. "उभं राहावं लागलं का?" मी नाही म्हटलं. तुम्ही समाधानानं डोळे मिटलेत. एवढंच बोलणं झालं. ती ओळ माझ्या अगदी ओठावर होती. आजारी माणसाला काय त्रास द्यायचा, असं म्हणून मी गप्प बसले, आणि पहाटे तुम्ही गेलात.

तर चार दिवसांत कळवायचं होतं. हे सांगलीला परतले, मी घर आवरायला मागं राहिले. पहिले दोन दिवस मी मनाशी सगळं पक्कं केलं होतं. ओळ काढून टाकायची. तुमची इच्छा तीच, विषय संपला. पण तिसऱ्या दिवशी मनात आलं, मी ती काढणार ती तुमच्यावरच्या मायेनं, का पटलं म्हणून? मला तर गडावर एकटीनं जायचं म्हणजे काय, हेच माहीत नव्हतं. जे माहीत नाही त्याला मनाई केली, आणि आता माहीत नसतानाच परवानगी देणार. विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला तुमच्या दाराला मी कडी लावली.

भाद्रपदातली सकाळ, रस्ता ओला. चढ सुरू होतो तिथं त्या पारूबाईची चहाची टपरी. मी पुढं निघाले तर तिनं हाक मारली. "आवं बाई, तुमी ताईंची सांगलीची भावजय न्हवं? दहाव्याला बघितलं तुमास्नी." मी हो म्हटलं. तिनं डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "ताई रोज हितं थांबायच्या. चढताना च्या न्हाई घ्यायच्या. निस्तं सांगायच्या, पारू, वर चालले गं, नवाच्या आत दिसले न्हाई तर मानूस धाड. आन् मग उतरल्यावर च्या."

मी विचारलं, "कधीपासून?"

"त्यांचा पाय मुरगाळला न्हवता का, तवापासनं. म्या म्हनलं, ताई, भ्या वाटाय लागलं व्हय आता? तर म्हनल्या, मला न्हाई गं. सांगलीला आमची भावजय हाय, ती लय भित्री. तिच्या जिवाला घोर नको म्हनून सांगून जाते."

वन्सं, मला आधी संताप आला तुमचा. इतकी वर्षं! करंज्या भरताना माझ्याशी भांडलात तेव्हाही तुम्ही रोज सांगून जात होतात. हे एक वाक्य मला सांगायला काय झालं होतं? मी टपरीच्या बाकावर बसले आणि रडले. दहाव्याला रडले नव्हते मी, पाहुण्यांचं बघायचं होतं. पारूबाईनं बिचारीनं स्टोव्हला पंप मारला. रडताना मग माझ्या लक्षात आलं, की मी तरी कुठं विचारलं? मी तुम्हाला म्हटलं जाऊ नका. वन्सं, तुम्ही कशा जाता, एवढं विचारलं असतं तर तुम्ही कागद घालून टाइप करून दिलं असतंत, पहिली प्रत.

उठले, तोंड धुतलं आणि पारूबाईला म्हटलं, "वर चालले गं. नवाच्या आत दिसले नाही तर माणूस धाड." ती म्हणाली, "जावा की, बिनघोर जावा. पयल्या दरवाजापतूर फिराय आल्याली मान्सं असत्यात. म्होरं मंगळाईला बायका असत्यात. मदल्या वाटंला तेवडं कोन नसतंय."

मधल्या वाटेला खरंच कोणी नव्हतं. पहिल्या दरवाजापर्यंत निवृत्त मास्तर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, छातीवर हात ठेवून चालणारे डॉक्टरांचे रोगी. दोन पोरांनी मला वाट दिली आणि म्हणाली, "काकू, सावकाश." दुसऱ्या दरवाजापुढं एकदम शांत. मग मागून पावलं वाजली. मी थांबले, बाजूला झाले, आणि येणाऱ्याला पुढं जाऊ दिलं. बकऱ्या घेऊन चाललेला म्हातारा होता. पण मला एक गोष्ट कळली, की पुढं जाऊ देणं बरं असतं. पाठीमागं माणूस घेऊन चालण्यापेक्षा समोर दिसत असलेला बरा.

मग धुकं आलं.

खालून वर चढत आलं आणि बघता बघता तट दिसेना, टीव्हीचे टॉवर दिसेनात, पायवाटसुद्धा दहा पावलांच्या पुढं संपली. डाव्या अंगाला तळं आहे हे मला माहीत होतं. उजवीकडं काय आहे ते आठवेना. पत्रकातल्या बाराही सूचना मी मनात म्हणून बघितल्या. शेवाळ होतं, माकडं होती, दगडावरची नावं होती. धुकं कुठंच नव्हतं. का असेल? पाहुणे यायचे दिवाळीत नाहीतर मे महिन्यात, तेव्हा कुठलं धुकं. पण तुम्ही तर बारा महिने यायचात. आषाढात, श्रावणात, असल्या धुक्यात शेकडो वेळा उभ्या राहिल्या असाल. देवळातली घंटा वाजली, पण ती कोणत्या बाजूनं हे कळेना. मी हात पुढं करून तट शोधला, ओल्या दगडाला तळवा टेकवला आणि उभी राहिले. आधी घाबरले होते. मग घाबरून घाबरून कंटाळले. मग नुसतीच उभी राहिले. बोलायचं कोणाशी नव्हतं, वाट कोणाची बघायची नव्हती, आणि त्या वेळी मी कुठं आहे हे जगात एकट्या पारूबाईला माहीत होतं. असं मला त्या आधी आयुष्यात कधी झालं नव्हतं. धुकं पातळ झालं तेव्हा कळलं, वाटेपासून पाचच पावलांवर होते मी.

मंगळाईला हात जोडले, सव्वाआठला उतरले, पारूबाईकडे चहा प्याले. तिनं आलं जास्त घातलं होतं.

घरी येऊन तुमच्या टेबलाशी बसले. अकरावी ओळ काढली, आणि तिच्या जागी हे लिहिलं. 'एकट्या बाईने जायचे असल्यास सकाळी साडेसहाच्या सुमारास निघावे. चढाच्या सुरुवातीला चहाच्या टपरीवर सांगून जावे, परतायची वेळही सांगावी. उतरल्यावर तेथेच चहा घ्यावा, म्हणजे आल्याचे कळते. मधल्या वाटेवर मागून कोणी आल्यास थांबून त्यास पुढे जाऊ द्यावे. नको तेवढी चौकशी कोणी केल्यास, मागून आणखी माणसे येत आहेत असे सांगावे. देवळात पोचल्यावर तेथल्या बायकांशी दोन शब्द बोलावेत.' तुमच्यासारखंच 'यावे-जावे' ठेवलं. खाली शेवटी धुक्याचं.

काल सांगलीला आल्यावर प्रेसमध्ये गेले. शंकरराव तिथले जुने कंपोझिटर, जुळवता जुळवता प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची त्यांना सवय. तुमच्या सगळ्या सूचना त्यांना पाठ आहेत, माकडांची आली की अजून हसतात. माझ्या ओळी त्यांनी गंभीरपणे वाचल्या. "ह्ये ब्येस केलं बाई. आमची नात पन जाती म्हनत हुती मैत्रिनींसंगं, तिला दिऊ एक." मला बरं वाटलं. तुम्हाला सांगते, लय बरं वाटलं.

मग ते शेवटच्या ओळीशी आले. "'धुके आल्यास तटाला हात लावून उभे राहावे आणि थांबावे.'" त्यांनी चष्मा वर केला. "किती येळ, त्ये न्हाई लिवलं."

मी म्हटलं, "धुकं जाईपर्यंत."

"त्ये खरं. पर नवं मानूस तितं हुबं हाय, त्याला म्हाईत पायजे की. धा मिंटं का तासभर? आन् न्हाईच गेलं तर?"

प्रश्न बरोबर होता. वर्गात कोणी विचारला असता तर मी शाबासकी दिली असती. एकदाच उभी राहिले होते मी, आणि घड्याळ बघितलं नव्हतं. शंकरराव हातात अक्षराचा शिशाचा खिळा धरून थांबले होते. मी म्हटलं, उद्या सांगते, विचारून.

म्हटलं, आणि मग लक्षात आलं.

वन्सं, तुम्ही किती वेळ थांबायचात हो?